दोघांना सोडून या

(साखरा, जिल्हा हिंगोली, इथं गावातल्या कबड्डी खेळणाऱ्या पोरांपुढे रात्री मैदानावरच केलेलं भाषण. लिहून काढताना बोलण्यातलं फारसं बदललेलं नाही.)



खुर्ची नको, मी उभाच बरा. खुर्चीवर बसवलं की माणूस पाहुणा होतो, आणि मी इथं पाहुणा नाही. तिकडं, जिथं आता ट्रॅक्टर उभा आहे, तिथं आमच्या वेळी एका पकडीत माझा पुढचा दात पडला. अजून तिथंच मातीत असेल. म्हणजे या मैदानात माझाही वाटा आहे, सातबाऱ्यावर नसला तरी.

तुम्ही मला विषय दिलाय, 'खेळ आणि सामाजिक समता'. विषय मोठा गुळगुळीत आहे. असल्या विषयावर पुढारी बोलतात, नारळ फोडतात, चहा पितात आणि गाडीत बसून जातात. मी त्यावर बोलणार नाही. मी एका फुटबॉल संघाच्या नऊ सामन्यांवर बोलणार आहे. साल १९५१. देश अमेरिका. तुम्ही म्हणाल, हा म्हातारा साखऱ्याला येऊन अमेरिकेचं काय लावून बसलाय? सांगतो. परवा रात्री मला फोन आला. तुमच्या संघाला एका गावाहून सामन्यांचं बोलावणं आलंय म्हणे, आणि त्या बोलावण्याला एक शेपूट आहे. तुम्ही बाराजण. त्यातले दोघं आमच्या बौद्धवाड्यातले. शेपूट असं की दहाजण या, दोघांना सोडून या. त्या गावाचं नाव मी घेत नाही. नाव घेतलं की आपल्याला वाटतं, रोग तिथंच आहे.

तर अमेरिका. तिथला फुटबॉल म्हणजे आपण टीव्हीवर बघतो तो नव्हे. चेंडू अंड्यासारखा लांबट, तो छातीशी धरून पळायचं. एका बाजूला अकरा गडी. मैदान शंभर यार्डांचं. दहा यार्ड पुढं सरकायला चार संधी मिळतात, नाही सरकलात तर चेंडू समोरच्याकडं. आणि पळणाऱ्याला पाडायला समोर अकराजण टपलेले. तुम्ही कबड्डीवाले आहात, तुम्हाला पटकन कळेल. चढाई आणि पकड एकत्र केली, वर डोक्याला टोप घातला, की झाला तो खेळ.

सॅन फ्रान्सिस्को नावाचं शहर आहे. समुद्राची खाडी आहे, खाडीच्या या अंगाला सॅन फ्रान्सिस्को आणि त्या अंगाला ओकलंड. ओकलंड हे नाव चळवळीतल्या पोरांनी ऐकलेलं असेल. नसेल तर लाज वाटू द्या. तिथं ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यू न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला आणि त्याचं नाव ऐकून १९७२ ला मुंबईत आपली दलित पँथर उभी राहिली. मी पँथरच्या पोस्टरखाली वाढलेला माणूस. ओकलंडचं सगळं पाठ. पण खाडीच्या या बाजूला पंधरा वर्षं आधी काय झालं होतं, ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. आपण गोळ्या, मोर्चे, तुरुंग लक्षात ठेवतो. मैदानावरचं लक्षात ठेवत नाही. ते खेळाच्या पानावर जातं, आणि खेळाचं पान आपल्यात कोण जपून ठेवतं?

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ. नाव मोठं, पण तेव्हा ती जेझुइट पाद्र्यांनी चालवलेली एक लहान संस्था. संघाचं नाव डॉन्स. प्रशिक्षक जो कुहारिच, फार कडक माणूस. संघातली पोरं कामकऱ्यांची, स्थलांतरितांची, काही महायुद्धात लढून आलेली. जिनो मार्चेट्टी नावाचा एक आडदांड गडी होता, आईबाप इटलीहून आलेले, हा सैन्यातून येऊन कॉलेजात बसलेला. बॉब सेंट क्लेअर म्हणून एक ताडमाड पोरगा. आणि दोघं काळे. एक ऑली मॅटसन, टेक्सासात जन्मलेला. दुसरा बर्ल टोलर, मेम्फिसचा. दोघंही आधी शहरातल्याच सिटी कॉलेजातून एकत्र खेळून आलेले. मॅटसन चेंडू घेऊन पळायचा. टोलर समोरच्याला पाडायचा. आपल्या भाषेत, एक चढाईवाला आणि एक पकडवाला.

या संघानं १९५१ च्या हंगामात नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. सगळे सांगत बसत नाही. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅम विद्यापीठाशी खेळले, तो सामना घासून झाला, ३२–२६. त्या एका सामन्यात मॅटसननं दोनदा चेंडू झेलला आणि दोन्ही वेळेला नव्वद किंवा त्याहून जास्त यार्ड पळत सुटून थेट पलीकडची रेषा गाठली. म्हणजे इथून पळत सुटलेला माणूस शाळेच्या पलीकडं जाऊन थांबला, आणि मधले अकराजण नुसते हवेला मिठ्या मारत राहिले. नोव्हेंबरात कॉलेज ऑफ द पॅसिफिकला ४७–१४ असं लोळवलं. शेवटचा सामना लोयोलाशी, २०–२. हंगामभरात मॅटसन १,५६६ यार्ड पळाला, देशातल्या सगळ्या कॉलेजांत पहिला. हिशोब केला मी, जवळजवळ दीड किलोमीटर होतं. माणसांच्या भिंतीतून दीड किलोमीटर. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस देताना मात्र मतदारांनी त्याला नववा नंबर दिला. नववा! गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून जे ओरडतात ना, त्यांना हा आकडा ऐकवा.

त्याच ऑक्टोबरात, २० तारखेला, ओक्लाहोमात आणखी एक गोष्ट घडली. जॉनी ब्राइट नावाचा ड्रेक विद्यापीठाचा काळा खेळाडू. त्याच्या हातात चेंडूही नव्हता. समोरच्या संघातल्या एका गोऱ्यानं येऊन त्याच्या तोंडावर मारलं, जबडा मोडला. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकारांनी एकामागून एक फोटो टिपले, त्या फोटोंना पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. फोटोला बक्षीस मिळालं. मारणाऱ्याला शिक्षा मिळाली नाही. त्या विद्यापीठानं माफी मागितली २००५ साली, चोपन्न वर्षांनी, आणि तोवर ब्राइट मरून गेलेला होता.

हे १९५१ साल आपल्याकडे कसं होतं तेही बघा, म्हणजे अमेरिका फार लांब वाटणार नाही. १ सप्टेंबरला औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीची पायाभरणी झाली. मराठवाड्यातल्या आपल्या पोरांना कॉलेज म्हणजे काय हे त्या दगडानं दाखवलं. आणि २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. तिकडं डॉन्सचा हंगाम नुकता सुरू होत होता. त्याआधी १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस या काळ्यांच्या मोठ्या विचारवंताला पत्र लिहिलेलं आहे. त्या माणसाला दिसत होतं की दोन्हीकडची कुंपणं एकाच कारागिरानं बांधल्यासारखी आहेत. आपल्याला दिसायला अजून वेळ लागतोय.

आता मुद्द्याचं. तिकडं हंगाम संपला की नवीन वर्षाच्या सुमाराला मोठे सामने होतात. त्याला बाउल म्हणतात. तेव्हा ते पात्रतेनं मिळत नसत, बोलावणं यावं लागायचं. आपल्या यात्रेतल्या सामन्यांसारखंच. पंचमंडळी ठरवणार, कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही. मायामीला ऑरेंज बाउल, जॅक्सनव्हिलला गेटर बाउल, न्यू ऑर्लिन्सला शुगर बाउल. शुगर म्हणजे साखर. नावात साखर असली म्हणून गाव गोड असतंच असं नाही, हे साखऱ्याच्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. हसा, हसा. हसून घ्या. पुढं हसण्यासारखं फार नाही.

ही सगळी गावं अमेरिकेच्या दक्षिणेतली. तिथं काळ्याला गोऱ्याच्या शेजारी बसता येत नव्हतं, एका नळाचं पाणी पिता येत नव्हतं, मग एका मैदानात अंगाला अंग लावून खेळणं कसलं! नऊपैकी नऊ जिंकलेला संघ बोलावण्याची वाट बघत होता. त्या संघातले खेळाडू पुढं आयुष्यभर सांगत राहिले की निरोप आला तो असा: या, पण त्या दोघांना सोडून या.

मराठवाड्यात काय आणि मायामीत काय, वाक्य तेच आहे बघा. भाषांतरही करावं लागत नाही.

आणि त्या पोरांनी काय केलं? 'नाही' म्हणाले. सभा झाली नाही, मतदान झालं नाही, कमिटी बसली नाही. असं तेच सांगायचे. पुढच्या काळात लोक मुलाखती घ्यायला गेले की ते म्हणायचे, त्यात ठरवायचं काय होतं? मॅटसन आणि टोलर नाहीत तर आम्हीही नाही.

आता इथं थांबा. टाळ्या वाजवू नका. हे ऐकून गोऱ्यांबद्दल गहिवरून यायची गरज नाही. ती पोरं काही क्रांतिकारक नव्हती. त्यांनी पत्रक काढलं नाही, दक्षिणेतल्या नळांवर जाऊन मोर्चा काढला नाही. त्यांना खेळायचं होतं, नाव कमवायचं होतं, पुढं व्यावसायिक संघात जाऊन पैसा मिळवायचा होता, आणि कितीकांनी मिळवलाही. मला त्यांचं एकच घ्यायचं आहे. प्रश्न त्यांना विचारला गेला होता आणि उत्तरही त्यांनीच दिलं. ज्यांना बोलावणं होतं त्यांनी ते परत पाठवलं. ज्यांना बोलावणं नव्हतं त्यांच्यावर 'जाऊ द्या, तुम्ही जा' असं म्हणायची पाळी आणली नाही.

आणि नकार फुकट नव्हता. बाउलचा पैसा मोठा असतो. कॉलेजावर फुटबॉलचं कर्ज चढलेलं. तो पैसा आला असता तर कदाचित संघ वाचला असता. तो आला नाही आणि हंगाम संपल्यावर कॉलेजनं फुटबॉलच बंद करून टाकला. एकही सामना न हरलेला संघ, पुढच्या वर्षी संघच नाही. प्रशिक्षक दुसरीकडं गेला. पोरं पांगली. मॅटसननं १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला ४०० मीटरमध्ये कांस्य आणि रिलेमध्ये रौप्य पदक मिळवलं आणि मग व्यावसायिक फुटबॉलमध्ये नाव काढलं. १९५९ साली एका संघानं त्याला घ्यायला दुसऱ्या संघाला बदल्यात नऊ गडी दिले, इतकी त्याची किंमत. ज्याला काही महिने आधी 'सोडून या' म्हणत होते, तो ऑलिंपिकला देशाचा झेंडा छातीवर लावून पळाला. देशाला पदक चालतं. पदक विटाळत नाही.

टोलरचं वाईट झालं. १९५२ लाच एका सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि खेळणं संपलं. तो शिक्षक झाला, सॅन फ्रान्सिस्कोत शाळेचा मुख्याध्यापक झाला. आणि १९६५ ला त्या व्यावसायिक फुटबॉलचा पहिला काळा पंच झाला. पंच! ज्याला मैदानात घेत नव्हते त्याच्या शिट्टीवर गोरे थांबायला लागले. त्या वेळी त्या सगळ्या खेळाचा प्रमुख होता पीट रोझेल, आणि हा रोझेल १९५१ ला कोण होता? त्याच डॉन्स संघाच्या बातम्या छापून आणणारा, प्रसिद्धीचं काम करणारा कॉलेजातला तरुण पोरगा. मार्चेट्टी, सेंट क्लेअर, मॅटसन हे तिघंही पुढं तिकडच्या फुटबॉलच्या सन्मान-दालनात गेले. २००६ साली विद्यापीठाला आठवण झाली आणि त्या संघातल्या जुन्या खेळाडूंना मानद पदव्या दिल्या. पंचावन्न वर्षांनी. आठवण ही फार सावकाश चालणारी बाई आहे.

नकारानं बाउलवाले सुधारले का? नाही सुधारले. १९५६ च्या शुगर बाउलला पिट्सबर्गच्या संघात बॉबी ग्रिअर हा काळा खेळाडू होता, तर समोरचा संघ ज्या जॉर्जिया राज्याचा, त्याच्या गव्हर्नरनं पोरांना खेळू देऊ नका म्हणून आकाशपाताळ एक केलं. पण गंमत बघा. त्या जॉर्जियाच्याच कॉलेजातली गोरी पोरं गव्हर्नरविरुद्ध रस्त्यावर आली. त्यांना समतेचं काही पडलं होतं असं मी म्हणणार नाही, बहुतेकांना सामना हवा होता. पण सामना हवा असेल तर काळ्याबरोबर खेळावं लागेल, एवढं तरी डोक्यात शिरलं. ग्रिअर खेळला. मग त्याच वर्षी लुइझियाना राज्यानं काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळू नये असा कायदाच केला आणि तो पुढं न्यायालयात मोडला. म्हणजे सरळ रेषेत काही होत नाही. दोन पावलं पुढं, एक लाथ मागं.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, ते अमेरिकेचं, आपल्याकडं असं काही झालंच नाही. झालंय. अमेरिकेच्या आधी एकतीस वर्षं झालंय, आणि मुंबईत झालंय.

पालवणकर बाळू. चांभाराचा पोर. पुण्याच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर मैदानाची चाकरी करायचा. साहेबलोकांना सरावाला गोलंदाजी टाकता टाकता असा तयार झाला की हिंदूंच्या संघाला त्याच्यावाचून चालेना. संघात घेतलं. पण चहा बाहेर, तोही वेगळ्या मातीच्या भांड्यात. चेंडू त्याच्या हातातला चालायचा. कपबशी नाही. १९११ साली भारताचा संघ विलायतेला गेला, तिथं या माणसानं ११४ बळी घेतले. तेव्हा आपले लोक घरोघर त्याचं नाव घ्यायचे. आणि हिंदू संघाचा कर्णधार? तो कधीच झाला नाही. पुढं १९३७ ला काँग्रेसनं त्यालाच बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं आणि तो पडला, तो वेगळा सल आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र बोलू. आज शिवी द्यायची नाही. तो मैदानावरचा माणूस आपला आहे.

बाळूचे भाऊही तसलेच खेळाडू. विठ्ठल तर पहिल्या प्रतीचा फलंदाज. १९२० च्या चौरंगी सामन्यांत बाळूला आधी संघातून वगळलं. मग नेमलेले कर्णधार पै पहिल्या सामन्याला नव्हते तेव्हा कर्णधारपद विठ्ठलकडं यायला पाहिजे होतं, ते पुण्याच्या देवधरांकडं गेलं. देवधर मोठे खेळाडू, त्यात वाद नाही. पण विठ्ठलचा खेळ आणि अनुभव कुठं कमी होता? जात कमी होती. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम, दोघं भाऊ, संघातून बाहेर पडले. जाहीर सांगून बाहेर पडले. १९२० साली! मला त्या दोघांचा अभिमान सांगता येत नाही इतका वाटतो. पुढं वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, अंतिम सामन्याला पै परतले, बाळूला उपकर्णधार केलं, भावांना परत घेतलं. आणि १९२३ ला विठ्ठल कर्णधार झाला, संघ जिंकला, तेव्हा उच्चवर्णीयांनी त्याला खांद्यावर घेतलं.

पण मी त्या पहिल्या सामन्याकडं बोट दाखवतोय. विठ्ठल-शिवराम बाहेर पडले तेव्हा उरलेला संघ काय करत होता? खेळत होता. पांढरे कपडे घालून, मैदानात उतरून, खेळत होता. सॅन फ्रान्सिस्कोला दोघांसाठी तिसाच्या वर पोरांनी सामना सोडला. मुंबईत दोघांनी स्वतःसाठी सोडला आणि नवे दोघं घेऊन सामना पार पडला. मला एवढाच फरक दिसतो, आणि तो फरक म्हणजे अख्खा देश आहे.

आता माझं.

१९८४ ची गोष्ट. तेव्हा आपला जिल्हा परभणी, हिंगोली जिल्हा व्हायला अजून पंधरा वर्षं होती. नामांतराच्या ठरावावर १९७८ ला मराठवाड्यात आपली घरं जाळली, त्याला सहा वर्षं झालेली. मी एकोणीस वर्षांचा. साखऱ्याच्या संघात आम्ही वस्तीतले दोघं. मी चढाईला, दुसरा उजव्या कोपऱ्याला. तो आता नाही. त्याच्यासारखी घोट्याची पकड मी नंतर टीव्हीवरही पाहिली नाही. बाकीचे सगळे गावातले. दोस्त होते, खोटं बोलत नाही. विहिरीत एकत्र पोहलो नाही, पण मैदानात एकमेकांच्या रक्तानं माखलेलो होतो.

एका यात्रेतल्या सामन्यांचं बोलावणं आलं. निरोप्या आला, पारावर बसला आणि म्हणाला, जेवण देवळाच्या सभामंडपात आहे, तेवढं जरा बघा. एवढंच. 'जरा बघा.' सगळ्यांनी खाली बघितलं. आणि त्या शांततेत मी बोललो. मीच. म्हणालो, 'तुम्ही जा रे. आम्हाला तसंही कापूस वेचायला जायचंय.'

कापूस वेचून झालेला होता.

चाळीस वर्षं मी याला माझा मोठेपणा समजत होतो. दोस्तांना अडचणीत आणलं नाही. समंजसपणा केला. ती सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट कळली तेव्हा पहिल्यांदा मी स्वतःला विचारलं, तू का बोललास? उत्तर सोपं होतं. मला भीती वाटली. त्या निरोप्याची नाही, गावाची नाही. भीती ही वाटली की मी गप्प बसलो तर त्या पाचजणांना तोंड उघडावं लागेल आणि मग ते काय बोलतील ते मला ऐकावं लागेल. ते ऐकायला नको म्हणून मी त्यांच्या वतीनं बोलून टाकलं. त्यांचा अपमान मी माझ्या तोंडानं गिळला आणि त्यांना पाण्याचा घोटही घ्यावा लागला नाही.

ते गेले. दोन गडी दुसरीकडून घेतले. जिंकून आले, पितळी ढाल घेऊन. वाजतगाजत आले. मग फोटो काढायचा होता, तर मला बोलवायला घरी आले. 'तू आमचाच आहेस की.' मी गेलो. फोटोत मी आहे, डावीकडून तिसरा, ढालीला हात लावून. न खेळलेल्या सामन्याच्या ढालीला. तो कोपऱ्यावाला दोस्त आला नाही. त्यानं घरातूनच सांगितलं, मला कापूस वेचायचाय.

तो फोटो आज सकाळी मी पुन्हा पाहिला. ज्यांच्या घरी आहे ते आमच्या संघाचे कप्तान होते, आता केस पांढरे झालेत, ते इथं बसलेले आहेत. त्यांनी मला चहाला बोलावलं. कपबशी वेगळी नव्हती, सांगायला हरकत नाही. फोटो भिंतीवर होता. ते त्याच्याकडं बघत होते, मीही बघत होतो. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, 'त्या दिवशी तू बोलला नसतास तर.' वाक्य तिथंच सोडलं. मीही पुढं विचारलं नाही. साठी आली तरी माणसाला काही उत्तरं नकोच असतात.

तर आता तुम्ही बाराजण.

पुढं बसलेले तुम्ही दोघं, तुम्हाला मी काही सांगणार नाही. तुम्ही विठ्ठल-शिवराम व्हा असंही म्हणणार नाही. तुमच्या वाट्याला आधीच पुष्कळ आलंय, त्यात शौर्याचं ओझं आणखी कशाला? फक्त एक काम करा. गप्प बसा. उद्या पारावर, नाहीतर मोबाईलच्या त्या ग्रुपवर, हा विषय निघेल तेव्हा घाई करू नका. कापसाचं, तापाचं, परीक्षेचं कारण काढू नका. ती शांतता असह्य होईल. होऊ द्या. ती तुमची नाही.

आणि मागं बसलेले तुम्ही दहाजण. मला माहीत आहे, बक्षीस मोठं आहे. तुम्हाला बूट घ्यायचेत, मॅटचा खर्च आहे, तुमच्यातल्या एकाला तालुक्याच्या निवडीत तिथल्या पंचांची नजर पडावी असं वाटतंय. हे खोटं नाही, मी त्याला हलकं म्हणत नाही. त्या अमेरिकन पोरांचं तर आख्खं कॉलेजचं फुटबॉल गेलं. नकार द्यायचा तर काहीतरी जाणारच. आणि गेलेलं परत मिळेल अशी हमी मी देऊ शकत नाही, त्यांना पंचावन्न वर्षं लागली आणि तोवर अर्धे मेलेले होते. तुम्ही नाही म्हणालात म्हणून ते गाव सुधारेल असंही मी म्हणत नाही. ते दुसरा संघ बोलावतील. यात्रा होईल. ढाल कुणीतरी नेईल.

मला कळलंय की उद्या सकाळी दहाच्या आत त्या गावाला हो-नाही कळवायचं आहे. काय कळवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी इथं मत मागायला आलेलो नाही. फक्त फोन लावताना एक करा. फोन तुमच्यातल्या कुणीतरी लावा. तुम्हा दहांतल्या. 'दोघं नकोत का? बरं, का नकोत?' एवढं तोंडानं विचारा आणि पलीकडून येईल ते स्वतःच्या कानानं ऐका. स्पीकरवर टाका, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. मग बोला.

मी रात्री इथंच मुक्कामाला आहे. सकाळची गाडी साडेदहाची आहे. दहा वाजेपर्यंत मी या ट्रॅक्टरजवळ बसून राहीन.

जयभीम.